पिसाच्या मनोऱ्यापासून ताजमहालापर्यंत : लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

जगातल्या मोठमोठ्या वास्तूंबद्दल मी थोडंफार वाचत असतो हे एकदा कळलं की लोक प्रश्न सुरू करतात, आणि गंमत म्हणजे दहातले आठ जण तेच ते विचारतात. मनोरा पडत कसा नाही, भिंत चंद्रावरून दिसते का, कारागिरांचे हात खरंच तोडले का. दर वेळी तोंडी सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकतोय. क्रम वगैरे काही नाही, जसं आठवलं तसं.

पिसाचा मनोरा इतका कललाय तरी पडत कसा नाही?

पडायच्या बेतातच होता की. १९९० मध्ये त्याच्या आत लोकांना सोडणं बंद केलं तेव्हा तो साधारण साडेपाच अंश कललेला होता आणि दर वर्षी थोडा थोडा आणखी झुकत चाललेला, थांबायचं नाव नाही. मूळ घोळ पायाचा. खालची जमीन म्हणजे गाळ आणि मऊ माती, आणि एवढ्या जवळपास ५६ मीटर उंच दगडी मनोऱ्याला पाया किती तर जेमतेम तीन मीटर. ११७३ ला बांधकाम सुरू झालं, तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचले आणि कल दिसायला लागला. मग लढायांच्या भानगडीत काम जवळजवळ शंभर वर्षं बंद पडलं आणि नेमकं हेच त्याच्या पथ्यावर पडलं, कारण तेवढ्या काळात खालची माती दबून घट्ट झाली, सलग बांधत गेले असते तर तेव्हाच आडवा झाला असता.

पुन्हा काम सुरू झाल्यावर गवंड्यांनी वरचे मजले उलट्या बाजूला जरा झुकवून बांधले, म्हणजे कल झाकला जाईल. त्यामुळे मनोरा नुसता कललेला नाहीये, तो किंचित वाकलेला पण आहे. ओळंबा लावून बघायची सोयच नाही, कुठल्या मजल्याला लावणार!

१९९० नंतर आधी उत्तरेच्या, म्हणजे कलाच्या उलट्या बाजूला शेकडो टन शिशाचे ठोकळे ठेवून पाहिले, पण खरी कमाल केली ती माती काढायच्या युक्तीने. ज्या बाजूला कललाय त्याच्या विरुद्ध बाजूच्या पायाखालून तिरकी भोकं पाडून थोडी थोडी माती बाहेर काढत गेले आणि मनोरा आपल्याच वजनाने तिकडे बसत गेला. चाळीस सेंटीमीटरपेक्षा जास्त मागे आला, कल साधारण चार अंशांवर आणला आणि डिसेंबर २००१ मध्ये परत उघडला. पूर्ण सरळ का नाही केला हा पुढचा प्रश्न येतोच. अहो, सरळ केला तर बघायला कोण जाणार?

एक गोष्ट मात्र फोटोत कधीच कळत नाही. आतला जिना गोल गोल वर जातो, त्यामुळे एका वेढ्यात कल तुम्हाला आतल्या भिंतीकडे ओढतो आणि पुढच्या अर्ध्या वेढ्यात बाहेरच्या भिंतीकडे ढकलतो. संगमरवरी पायऱ्यांना पावलांनी खळगे पडलेत आणि ते खळगे सुद्धा मधोमध नाहीत, कधी एका कडेला तर कधी दुसऱ्या. इतक्या शतकांत चढलेल्या प्रत्येकाचा तोल त्याच त्याच जागी गेलाय, आणि ते पायऱ्यांवर चक्क दिसतं.

चीनची भिंत चंद्रावरून दिसते ना?

नाही. ही थाप माणूस अवकाशात जायच्या कितीतरी आधीपासून चालत आलीये, आणि २००३ मध्ये चीनचाच पहिला अंतराळवीर यांग लिवेइ परत आल्यावर म्हणाला की मला काही दिसली नाही, तेव्हा तिकडे बरीच चर्चा झाली होती. विचार करा ना, भिंत लांब आहे म्हणून दिसायला हवी हे लॉजिकच चुकीचं आहे, रुंदी महत्त्वाची, आणि रुंदी काही ठिकाणी पाच-सहा मीटर. वर रंग आजूबाजूच्या मातीसारखाच. एखादा केस लांब आहे म्हणून तो दूरवरून दिसतो का?

आणि ती एक सलग भिंत पण नाहीये. वेगवेगळ्या राजवटींनी वेगवेगळ्या काळात बांधलेल्या भिंती, खंदक, बुरूज असं सगळं धरून चीनने २०१२ मध्ये २१,१९६ किलोमीटर असा आकडा जाहीर केला. आपण फोटोत बघतो ती विटांची देखणी भिंत बहुतेक मिंग काळातली, म्हणजे १३६८ ते १६४४ मधली. मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चुना. त्या काळी चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळायचे आणि तो असा काही धरतो की कित्येक ठिकाणी विटांच्या सांध्यात अजून गवत उगवायला फट सापडलेली नाही.

पिरॅमिड नक्की कोणी बांधले? गुलामांनी की…?

ते टिंबटिंब म्हणजे एलियन, मला कळलंय. नाही, माणसांनीच बांधले, आणि त्यातल्या एकाची डायरी पण सापडलीये!

२०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल जर्फ नावाच्या जागी पपायरसचे, म्हणजे तेव्हाच्या कागदाचे, तुकडे मिळाले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाने आपल्या टोळीच्या कामाची नोंद ठेवलीये. तूरा नावाच्या खाणीतून पांढरा चुनखडीचा दगड होडीत भरला, आज इथे मुक्काम केला, उद्या गिझाला पोचलो, दगड उतरवला, परत निघालो. दहा दिवसांत अशा दोन-तीन खेपा. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं चक्क मस्टर बुक आहे हे, आणि ते ज्या बांधकामाचं आहे ते म्हणजे खुफूचा मोठा पिरॅमिड. एवढं सगळं लिहून ठेवलं असताना परग्रहावरून कोणाला बोलवायचं कारण काय ते मला खरंच कळत नाही.

गुलामांचं म्हणाल तर, १९९० मध्ये गिझाजवळ एका घोड्याचा पाय एका भिंतीला अडखळला आणि त्यातून मजुरांच्या कबरी सापडत गेल्या. राजाच्या पिरॅमिडच्या नजरेच्या टप्प्यात पुरलेली ही माणसं, काहींच्या मोडलेल्या हाडांवर नीट उपचार होऊन ती जुळलेली. गुलामांना असं कोणी पुरत नाही. काम मात्र कंबरडं मोडणारं होतं, मणक्यांवरून ते पण दिसतं.

मोठ्या पिरॅमिडची उंची मुळात १४६ मीटरच्या वर होती, आता १३८ च्या आसपास, कारण वरचं गुळगुळीत पांढरं कवच लोकांनी पुढे दुसऱ्या बांधकामांसाठी काढून नेलं. म्हणजे मेरेरने वाहून आणलेला दगडच गेला बिचाऱ्याचा.

स्फिंक्सचं नाक नेपोलियनने तोफेने उडवलं का?

नेपोलियन इजिप्तमध्ये गेला १७९८ ला. नॉर्डेन नावाच्या एका डॅनिश प्रवाशाने १७३७ मध्ये स्फिंक्सचं चित्र काढलंय त्यात नाक नाहीये. विषय संपला.

आयफेल टॉवर तात्पुरता बांधला होता हे खरंय का?

हो, अगदी खरं. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधला आणि परवाना होता २० वर्षांचा, १९०९ ला पाडायचा होता. सुरुवातीला पॅरिसमधल्या नामवंत लेखक-कलावंतांनी एकत्र येऊन याच्या विरोधात जाहीर पत्र काढलं होतं, शहराला हा काय लोखंडी सांगाडा म्हणून. वाचला तो रेडिओमुळे. गुस्ताव्ह आयफेलने हुशारीने वर वायरलेसचे प्रयोग करायला जागा दिली, मग लष्कराच्या लक्षात आलं की एवढी उंच ॲन्टेना फुकटात उभी आहे तर पाडता कशाला.

आणखी एक, मूळ कल्पना आयफेलची नव्हतीच, त्याच्या कंपनीतल्या केश्लँ आणि नुगिये या दोन इंजिनिअरांची होती. साहेबाला आधी त्यात फार रस पण नव्हता, पण नाव कोणाचं राहिलं ते दिसतंयच.

टॉवर स्टीलचा नाहीये, घडीव लोखंडाचा आहे, १८,०३८ भाग आणि २५ लाख रिव्हेट. उन्हाळ्यात तापून साधारण १५ सेंटीमीटरपर्यंत उंची वाढू शकते, आणि एकाच बाजूला ऊन असलं की शेंडा किंचित उलट्या बाजूला झुकतो. गंजू नये म्हणून साधारण सात वर्षांनी रंग द्यावा लागतो, एका वेळेला ६० टन रंग जातो आणि माणसं दोर बांधून हाताने ब्रश मारतात. रंग दर वेळी हाच नव्हता बरं, सुरुवातीला लालसर होता, मध्ये पिवळट पण झाला.

रात्रीच्या आयफेल टॉवरचा फोटो टाकला तर केस होते का?

तुम्ही तुमच्या आठवणी म्हणून टाकताय, तर काही होत नाही, बिनधास्त टाका. टॉवरच्या डिझाइनवरचा हक्क केव्हाच संपलाय, पण रात्रीची रोषणाई नंतरची आहे आणि ती कलाकृती म्हणून कॉपीराइटमध्ये येते, त्यामुळे जाहिरातीत किंवा विकायला वापरायचा असेल तर परवानगी लागते. दिवसाचा फोटो कसाही वापरा.

स्टॅच्यू ऑफ लिबर्टी हिरवी का रंगवली?

रंगवलीच नाहीये. तांब्याची आहे ती, १८८६ ला उभी केली तेव्हा नव्या तांब्याच्या भांड्यासारखी लालसर चमकत होती. हवा, पाऊस, समुद्राचं खारं वारं यांनी आधी काळपट झाली मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिरवी पडत गेली. तेव्हा सरकारी पातळीवर तिला रंग द्यायचा विचार चालला होता, लोकांनी आरडाओरडा केला, आणि तपासल्यावर कळलं की हा हिरवा थरच खालच्या तांब्याला सांभाळतोय. तो पत्रा जाड किती? अडीच मिलिमीटर पण नाही. एवढी अवाढव्य बाई आणि अंगावर एवढीच कातडी.

आतला सांगाडा आयफेलने डिझाइन केला, हाच तो आयफेल. सांगाडा लोखंडाचा आणि पत्रा तांब्याचा, आता तांबं आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकलं की लोखंड झपाट्याने गंजतं, हे त्यांना माहीत होतं म्हणून मध्ये ॲस्बेस्टॉसचे थर घातले होते. ते कालांतराने निकामी झाले आणि आतल्या पट्ट्या गंजून फुगल्या. १९८६ च्या शताब्दीआधी सगळ्या पट्ट्या एकेक करून बदलल्या आणि स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या. मशाल पण तेव्हाच नवी केली, वर सोन्याचा मुलामा आहे, जुनी खाली म्युझियममध्ये ठेवलीये.

मशालीपर्यंत चढता येतं का असं पण विचारतात. १९१६ पासून बंद आहे. जवळच्या ब्लॅक टॉम बंदरात दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट झाला होता, तेव्हापासून पब्लिकला वर सोडत नाहीत. मुकुटापर्यंत मात्र जाता येतं.

बिग बेन म्हणजे घड्याळ की टॉवर?

दोन्ही नाही, आतली मोठी घंटा. टॉवरचं नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर. पण तुम्ही टॉवरला बिग बेन म्हणालात तर कोणी भांडायला येणार नाही, सगळेच म्हणतात.

घंटा पावणेचौदा टनांच्या आसपास आहे, आणि ही दुसरी, पहिली चाचणीतच तडकली. मग दुसरी बसवली आणि १८५९ मध्ये काही महिन्यांत ती पण तडकली! चार वर्षं मुकी होती. शेवटी ती थोडी फिरवली, म्हणजे हातोडा तडा नसलेल्या जागी पडेल, आणि हातोडा हलका बसवला. तेव्हापासून आजपर्यंत तीच तडकलेली घंटा वाजतेय, आणि तो जो ओळखीचा किंचित बसका आवाज आहे ना, तो त्या तड्याचा.

पण खरी मजा लंबकाची आहे. घड्याळ मागेपुढे झालं तर ते कसं नीट करतात माहितीये? लंबकाच्या वर जुनी ब्रिटिश पेनीची नाणी ठेवलेली असतात. एक नाणं वाढवलं की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं, काढलं की तेवढंच मागे. नाणं ठेवल्याने लंबकाचं वजन जिथे एकवटलंय तो बिंदू किंचित वर सरकतो आणि लंबक जरा भराभर हलतो, बस एवढंच. ती नाणी १९७१ मध्ये चलनातून बाद झाली पण इथली नोकरी चालूच आहे.

लंडन ब्रिज म्हणजे ते दोन टॉवरवालं ना, मधून उघडणारं?

ते टॉवर ब्रिज, १८९४ चं. लंडन ब्रिज त्याच्या शेजारचा अगदी साधा पूल आहे, बघून लोकांचं तोंड पडतं. त्याच्या आधीचा १८३१ चा दगडी पूल खचायला लागला म्हणून १९६८ मध्ये एका अमेरिकन उद्योगपतीला विकला, त्याने दगडांना नंबर टाकून ॲरिझोनाच्या वाळवंटात लेक हवासू सिटीला नेला आणि १९७१ मध्ये परत उभा केला. म्हणजे आतून काँक्रीट आणि बाहेरून ते जुने दगड. त्याला टॉवर ब्रिजच घेतोय असं वाटलं होतं अशी वावडी आहे, त्याने स्वतः ती नाकारली होती, पण वावडीला कोण थांबवणार.

ताजमहाल बांधणाऱ्यांचे हात शहाजहानने तोडले होते का?

हा प्रश्न नसलेला दिवस अजून उजाडायचाय. त्या काळच्या एकाही कागदात असं काही नाही. उलट ताजचं काम चालू असतानाच शहाजहानने दिल्लीत अख्खं नवीन शहर आणि लाल किल्ला उभारायला घेतला आणि पुढेही बांधकामं चालूच ठेवली, हात तोडले असते तर ती कोणाकडून करून घेतली? ही गोष्ट जगभर फिरत असते, फक्त नावं बदलतात. मॉस्कोच्या सेंट बेसिल चर्चबद्दल सांगतात की रशियाच्या झार इव्हानने स्थपतीचे डोळे काढले, त्याचंही तेच, त्याच स्थपतीचं नाव नंतर कझानच्या कामात सापडतं.

काळ्या ताजमहालाचं पण तसंच. ताव्हेर्निये नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने सतराव्या शतकात लिहिलं की शहाजहान नदीपलीकडे स्वतःसाठी दुसरी कबर बांधणार होता. पलीकडे मेहताब बागेत काळे दगड दिसायचे म्हणून लोकांना खात्रीच वाटायची, खोदून पाहिलं तर ते काळवंडलेले पांढरे दगड निघाले आणि सोबत एक मोठा हौद निघाला, ज्यात ताजचं प्रतिबिंब पडत असणार. ही खरी गोष्ट काळ्या ताजपेक्षा जास्त सुंदर आहे असं आपलं माझं मत.

ताजमध्ये सगळं डावं-उजवं मोजून मापून सारखं आहे, फक्त एक गोष्ट सोडून, शहाजहानची स्वतःची कबर. मुमताजची बरोबर मध्यात, त्याची नंतर एका बाजूला बसवलेली. मिनार जरासे बाहेरच्या बाजूला झुकवलेत, भूकंपात पडले तर मुख्य घुमटावर पडू नयेत म्हणून, असं सांगतात. आणि संगमरवर पिवळा पडला की त्याला चक्क मुलतानी मातीचा लेप लावतात, वाळला की धुऊन काढतात.

सात आश्चर्यं कोणी ठरवली? सरकारने की युनेस्कोने?

दोघांनीही नाही. जुनी यादी ग्रीक लोकांची, त्यामुळे त्यांना माहीत असलेल्या भूमध्य समुद्राच्या आसपासच्याच जागा तिच्यात आहेत, चीन-भारत वगैरे कुठेच नाही. त्यातला फक्त पिरॅमिड उरलाय, आणि तो यादीतला सगळ्यात जुना! बॅबिलोनच्या झुलत्या बागा होत्या की नव्हत्या याचाच अजून पत्ता नाही.

नवी यादी एका खासगी स्विस संस्थेने इंटरनेट आणि फोनवर मतं घेऊन केली, ७ जुलै २००७ ला लिस्बनमध्ये जाहीर झाली. चीनची भिंत, पेत्रा, रिओचा ख्रिस्ताचा पुतळा, माचू पिचू, चिचेन इत्झा, कोलोसियम, ताजमहाल. एकाच माणसाला अनेकदा मत देता येत होतं, त्यामुळे ज्या देशाची लोकसंख्या आणि उत्साह जास्त त्याचं पारडं जड. युनेस्कोने तेव्हाच आमचा याच्याशी संबंध नाही म्हणून सांगितलं होतं. तरी फॉरवर्ड येतातच.

मग युनेस्को करते तरी काय, नुसता बोर्ड लावते?

ते जागतिक वारशाच्या जागांची यादी ठेवतात. मालकी त्यांच्याकडे नसते, सांभाळायची जबाबदारी त्या त्या देशाचीच. १९७२ ला त्यासाठी करार झाला, १९७८ ला पहिल्या १२ जागा यादीत आल्या. यादीतून नाव काढता पण येतं, आतापर्यंत तीनदा काढलंय, त्यातलं जर्मनीतलं ड्रेस्डेन एका पुलापायी गेलं २००९ ला आणि लिव्हरपूल नव्या बांधकामांमुळे २०२१ ला.

पण हे सगळं सुरू कशावरून झालं ते ऐका. इजिप्तमध्ये आस्वानचं मोठं धरण होणार होतं आणि रामसेस दुसरा याने डोंगरात कोरलेली अबू सिंबेलची देवळं पाण्याखाली जाणार होती. १९६४ ते १९६८ या काळात ती देवळं अक्षरशः करवतीने कापली, वीस-तीस टनांचे तुकडे, हजाराच्या वर, आणि ६५ मीटर वर, २०० मीटर मागे नेऊन परत जुळवली. मागचा डोंगर पण खोटा आहे, आत काँक्रीटचा घुमट. वर्षातून दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या आसपास सूर्याची किरणं थेट गाभाऱ्यात शिरतात आणि तिथल्या चार मूर्तींपैकी तिघांवर उजेड पडतो. चौथा प्ताह, अंधाराशी नातं असलेला देव, तो अंधारातच. एवढं मोठं धूड हलवून हे पण सांभाळलं, माझ्यासाठी तर हेच आठवं आश्चर्य.

कोलोसियमला सगळीकडे भोकं का आहेत? गोळ्यांची आहेत का?

चोरांची आहेत. मोठमोठे दगड एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जोडले होते, मध्ययुगात लोखंडाला भाव आला तेव्हा लोकांनी दगड फोडून आकडे उपसून नेले. तरी उभं आहे म्हणजे बघा. दारांवरचे रोमन आकडे काही कमानींवर अजून वाचता येतात, आपल्या स्टेडियममध्ये गेट नंबर असतो तसलाच प्रकार, तिकिटावर नंबर बघायचा आणि त्या दारातून आत.

स्टोनहेंजचे दगड आले कुठून?

इंग्लंडमधल्या या दगडी वर्तुळातले मोठे, साधारण २५ टनांचे, जवळच्या २५ किलोमीटरवरच्या जंगलातून. छोटे निळसर दगड वेल्समधून, म्हणजे दोनशेच्या वर किलोमीटर. आणि मधला आडवा पडलेला मोठा दगड तर थेट स्कॉटलंडच्या उत्तर-पूर्व टोकाकडचा, हे २०२४ मध्ये कळलं, एवढी वर्षं तो पण वेल्सचाच समजत होते. कसे आणले यावर अजून वाद चालू आहेत.

लोकांना सांगितलं की धक्का बसतो ती गोष्ट अशी की त्यातले सगळेच दगड काही तेव्हापासून तसेच उभे नाहीत. १७९७ मध्ये पडलेली एक जोडी १९५८ मध्ये क्रेनने परत उभी केली, आणि काही दगडांचे पाय काँक्रीटमध्ये घट्ट केलेत.

ईस्टर बेटावरच्या त्या डोक्यांना खाली शरीर आहे म्हणे?

आहे. खाणीच्या उतारावरचे पुतळे मातीने गळ्यापर्यंत बुजलेत एवढंच. बेटावर मिळून असे हजाराच्या आसपास मोआई, म्हणजे हे पुतळे, आहेत. आणि समुद्राकाठी चौथऱ्यांवर रांगेत उभे दिसतात ते सगळे विसाव्या शतकात परत उभे केलेले, कारण एकोणिसाव्या शतकापर्यंत चौथऱ्यांवरचे सगळे पाडले गेले होते. टोंगारिकीची ती प्रसिद्ध पंधरा जणांची रांग तर १९६० च्या त्सुनामीने उचलून आत भिरकावली होती, जपानहून क्रेन आणून १९९० च्या दशकात परत मांडली.

साग्रादा फामिलिया कधी पूर्ण होणार?

स्पेनमधल्या बार्सिलोनाचं हे चर्च, याला म्हणतात भिजत घोंगडं. १८८२ ला सुरुवात, पुढच्या वर्षी गौदी नावाच्या स्थपतीने हातात घेतलं, १९२६ ला ट्रामने त्याला धडक दिली तेव्हा कपड्यांवरून लोकांना तो भिकारी वाटला, आणि तीन दिवसांत गेला. १९३६ च्या यादवीत त्याच्या प्लास्टरच्या मॉडेलचा चक्काचूर झाला, मग पुढच्यांनी ते तुकडे जुळवून जुळवून त्याच्या डोक्यात काय होतं त्याचा माग काढला. पैसा देणग्यांचा आणि तिकिटांचा, त्यामुळे काम त्या गतीने. बांधकामाचा रीतसर परवाना मिळाला २०१९ मध्ये! म्हणजे १३० पेक्षा जास्त वर्षं बिनपरवाना.

मधला मनोरा १७२.५ मीटरचा ठरलाय, बार्सिलोनातली मोंज्युइक टेकडी याहून जरा उंच आहे आणि माणसाचं काम देवाच्या कामापेक्षा उंच नको असं गौदीचं म्हणणं. तारीख सांगायच्या भानगडीत मी पडत नाही, मनोरा झाला तरी नक्षीकाम आणि दर्शनी जिना यांचं गाडं पुढे चालूच राहणार.

फोटोत भव्य आणि प्रत्यक्षात इवलीशी अशी कुठली?

कोपनहेगनची जलपरी, सव्वा मीटर. तिचं डोकं दोनदा कापून नेलंय लोकांनी. ब्रुसेल्सचा तो शू करणारा मुलगा त्याहून लहान, साधारण अर्धा मीटर, आणि रस्त्यावर आहे ती प्रतिकृती, खरा म्युझियममध्ये. फ्लोरेन्सच्या चौकातला डेव्हिड पण कॉपीच आहे बरं का, मूळ पुतळा १८७३ मध्येच आत हलवला.

एवढी दुरुस्ती, कॉपी, नवे दगड, मग मूळ वास्तू म्हणायची कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो आणि याचं एक उत्तर नाहीये. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन देवळाचंच घ्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्ती करताना लोखंडी आकडे घातले, ते गंजून फुगले आणि चांगला संगमरवर त्यांनीच तडकवला. म्हणजे दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागली, आता टायटॅनियमचे घालतात. पॅरिसचं नोत्र दाम चर्च १५ एप्रिल २०१९ ला जळलं तेव्हा जो उंच कळस पडताना सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिला तो मुळात एकोणिसाव्या शतकातला होता, मध्ययुगीन नव्हेच. परत बांधताना छताच्या लाकडाला सुतारांनी कुऱ्हाडीनेच आकार दिला, पूर्वीसारखा, आणि डिसेंबर २०२४ मध्ये उघडलं. जुनं काय नवं काय तुम्हीच ठरवा.

आणि जपानमधलं इसे मंदिर बघा, तिथे हा प्रश्नच उरत नाही. सातव्या शतकापासून, लढायांच्या काळातला एक मोठा खंड सोडला तर, दर वीस वर्षांनी मंदिर शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडात जसंच्या तसं बांधतात, मग देव तिकडे हलवतात आणि जुनं उतरवतात. पुढच्या वेळी जुनी जागा वापरायची. एका सुताराच्या आयुष्यात हे दोन-तीनदा येतं, पहिल्यांदा तो हाताखाली असतो, पुढच्या वेळी त्याच्या हाताखाली कोणीतरी. २०१३ ला बासष्टावी वेळ झाली. पुढची २०३३.